सर्व्हरच्या बोर्डावरचे जंपर: वीजमर्यादा आणि फर्मवेअरचं कुलूप, पहिल्यांदा हात लावणाऱ्यांसाठी

पहिल्यांदा सर्व्हरचं झाकण उघडलं की नजर आधी पंख्यांकडे जाते, मग प्रोसेसरवरच्या भल्यामोठ्या हीटसिंककडे. बोर्डाच्या कडेला तीन पिनांपैकी दोन पिनांवर बसलेली, हरभऱ्याच्या डाळीएवढी प्लास्टिकची टोपी, म्हणजे जंपर, कुणाच्या लक्षातही येत नाही. पण नेटवर्कवरून कुणालाच बदलता येत नाही अशी जवळजवळ एकच सेटिंग त्या मशीनमध्ये असते, ती हीच. बायोसचा, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमचा, पासवर्ड फुटू शकतो, रिमोट मॅनेजमेंटचं लॉगिन चोरीला जाऊ शकतं, रूटचा, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्याचा, ताबा परक्याच्या हातात जाऊ शकतो. जंपर हलवायला मात्र माणसाला रॅकपाशी यावं लागतं, मशीन बाहेर ओढावं लागतं, झाकण उघडावं लागतं. म्हणूनच या टोपीबद्दल शांतपणे, सगळं एका जागी लिहावं असं बरेच दिवस मनात होतं.

हा लेख त्यांच्यासाठी आहे, ज्यांनी नुकताच एखादा वापरलेला सर्व्हर घेतलाय किंवा सर्व्हर रूममध्ये पहिली नोकरी धरलीय. उदाहरणं मी सुपरमायक्रो, डेल, एचपीई आणि इंटेलच्या बोर्डांची घेतली आहेत. आपल्याकडे सेकंडहँड बाजारात हीच जास्त दिसतात. बोर्डावर ही नावं इंग्रजी अक्षरांत छापलेली असतात, मी ती उच्चारानुसार लिहितोय.

आधी एक गैरसमज दूर करू

नवी मुलं हमखास विचारतात, "सर, ३०० वॅटची मर्यादा घालायचा जंपर कुठला?" असा जंपर नसतो.

एके काळी त्याच्या जवळपासची गोष्ट होती. १९९७ च्या सुमाराला सॉकेट ७ (तेव्हाची प्रोसेसरची बैठक) असलेल्या बोर्डांवर प्रोसेसरचा व्होल्टेज जंपरनेच ठरवायला लागायचा. जुन्या पेंटियमला ३.३ व्होल्ट, पेंटियम एमएमएक्सच्या गाभ्याला २.८. टोपी चुकीच्या जागी बसली की चिप तापायची आणि कधी कधी जायची. नंतर प्रोसेसर स्वतःच बोर्डाला सांगायला लागला की मला इतका व्होल्टेज दे, आणि ते जंपर गेले.

आता वीजमर्यादा तीन थरांत असते. सगळ्यात खाली तारा, कनेक्टर आणि सॉकेट: पीसीआय एक्सप्रेसच्या १६ लेनच्या स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात, ८ पिनांच्या जादा केबलमधून १५० वॅट. मधल्या थरात बोर्डावरचा मॅनेजमेंट कंट्रोलर, म्हणजे बीएमसी (मशीनवर लांबून देखरेख ठेवणारा छोटा स्वतंत्र संगणक), आणि इंटेलच्या चिपसेटमधलं मॅनेजमेंट इंजिन (मुख्य प्रोसेसरपासून वेगळा चालणारा छोटा प्रोसेसर). वॅटचा आकडा खरा इथे लिहिला जातो. सगळ्यात वर ऑपरेटिंग सिस्टिम. जंपर यांतल्या एकाही थरात वॅट मोजत नाही. मधला थर काम करेल की नाही, आणि तो कोण बदलू शकेल, हे तो ठरवतो. एवढं डोक्यात पक्कं बसलं की पुढचं सगळं सोपं जातं.

जंपरचं तत्त्व आजही एका जागी थेट विजेला लावलेलं दिसतं. नव्या ग्राफिक्स कार्डांच्या १६ पिनांच्या कनेक्टरमध्ये १२ जाड पिना वीज नेतात आणि ४ बारीक पिना निरोप. त्यांतल्या दोन सेन्स पिना ग्राउंडला जोडल्या आहेत की मोकळ्या सोडल्या आहेत, यावरून कार्डाला कळतं की ही केबल ६०० वॅटची आहे, ४५० ची, ३०० ची की १५० ची. त्या पिना हाताने कधीही जोडू नका. केबलची जेवढी ताकद आहे त्याहून मोठी थाप मारल्यासारखं ते होईल आणि कनेक्टर वितळू शकेल.

झाकण उघडण्याआधी

मशीन रीतसर बंद करा. त्याआधी तीन गोष्टी जवळ घ्या: बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो, बीएमसीचा आयपी पत्ता आणि पासवर्ड, आणि विंडोज सर्व्हरवर बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी सोय) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की. बायोसची सेटिंग पुसली गेली किंवा फर्मवेअर (चिपमध्येच भरलेला प्रोग्रॅम) बदललं की टीपीएमला, म्हणजे किल्ल्या जपणाऱ्या चिपला, मशीन अनोळखी वाटू शकतं आणि बिटलॉकर ती की मागतो. की त्याच बंद सर्व्हरवर ठेवलेली असेल तर मोठी पंचाईत.

मग दोन्ही पॉवर केबल काढा. दोन्ही म्हणजे दोन्ही. सर्व्हरला बहुधा दोन पॉवर सप्लाय असतात, आणि पुढचं बटण दाबून मशीन बंद केलं तरी बोर्डाला स्टँडबायची वीज मिळतच राहते. बीएमसी त्याच विजेवर जागा असतो, म्हणून तर बंद मशीन लांबून चालू करता येतं. केबल काढल्यावर पुढचं पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे कपॅसिटरमधली उरलेली वीज उतरेल. सुपरमायक्रोच्या बोर्डावर बीएमसीचा एक हिरवा दिवा नाडीसारखा लुकलुकत असतो. तो पूर्ण विझेपर्यंत हात आत घालायचा नाही, हा माझा नियम आहे.

अँटिस्टॅटिक पट्टा मनगटाला लावा आणि त्याचा चिमटा कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला. चांगल्या पट्ट्याच्या तारेत १ मेगाओहमचा रेझिस्टर असतो; तो तुमच्या सुरक्षिततेसाठी असतो, म्हणून पट्ट्याऐवजी साधी वायर गुंडाळून काम भागवू नका. पावसाळ्यात दमट हवेमुळे स्थिर वीज कमी साठते. पण एसी चोवीस तास चालणारी खोली बाराही महिने कोरडी असते, आणि नागपूर-छत्रपती संभाजीनगरकडचा हिवाळाही तसाच.

हत्यारं फार लागत नाहीत. प्लास्टिकचा चिमटा किंवा बारीक टोकाची नोज प्लायर, टॉर्च, भिंग. सुट्या टोप्यांची पिशवी मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत मिळते. घेताना पिनांमधलं अंतर सांगा: बहुतेक बोर्डांवर २.५४ मिलिमीटर असतं, काहींवर २. मोठी टोपी लहान पिनांवर सैल बसते आणि पंख्यांच्या थरथरीने निघते.

आणि हात लावण्याआधी जंपर जसे आहेत तसा सरळ वरून फोटो. एक लांबून, एक जवळून.

पिना वाचायच्या कशा

तीन पिनांच्या जंपरला दोन जागा असतात: १-२ आणि २-३. पहिली पिन ओळखायची खूण म्हणजे बोर्डावर छापलेला छोटा त्रिकोण किंवा १ हा आकडा. बोर्ड मोकळा असेल तर उलटून पाहा, पहिल्या पिनेचं सोल्डर चौकोनी असतं आणि बाकीच्यांचं गोल. डावी-उजवी या हिशेबाने कधीच जाऊ नका. बोर्ड कॅबिनेटमध्ये फिरवून बसवलेला असतो आणि मॅन्युअलमधलं चित्र वेगळ्या बाजूने काढलेलं असतं.

दोन पिनांचा जंपर एक तर जोडलेला असतो किंवा मोकळा. मोकळा ठेवायचा असेल तर टोपी फेकू नका, एकाच पिनेवर अडकवून ठेवा. विजेच्या दृष्टीने तो मोकळाच, पण टोपी हरवत नाही. टोपी बोर्डाखाली पडली तर सापडेपर्यंत मशीन चालू करायचं नाही. तिच्या पोटात धातूची पट्टी असते आणि ती कुठे जाऊन टेकेल सांगता येत नाही.

जे पिनांचे गट जंपरचे नाहीत त्यांच्यापासून लांब राहा. यूएसबीच्या हेडरवर ५ व्होल्ट आणि ग्राउंड एकाच गटात उभे असतात, पंख्याच्या हेडरवर १२ व्होल्ट. दिसायला सगळ्या पिना सारख्याच. नाव वाचल्याशिवाय, मॅन्युअलमध्ये तेच नाव सापडल्याशिवाय टोपी बसवायची नाही.

सुपरमायक्रो: इथे जरा थांबू

शिकायला सुपरमायक्रोचे बोर्ड फार चांगले, कारण जंपर भरपूर आणि मॅन्युअल स्पष्ट. जेपीजी१ बोर्डावरचा डिस्प्ले चालू-बंद करतो. जेडब्ल्यूडी१ वॉचडॉगचा: १-२ वर असेल तर मशीन अडकल्यावर ते रीसेट होतं, २-३ वर नुसती सूचना जाते. जेपीबी१ बीएमसी चालू ठेवतो किंवा बंद करतो. हे बोर्डागणिक बदलतात, म्हणून हातातल्या बोर्डाचा नेमका मॉडेल नंबर आणि त्याचंच मॅन्युअल हवं.

आपल्या विषयासाठी महत्त्वाचे दोन: जेपीएमई१ आणि जेपीएमई२. दोन्ही मॅनेजमेंट इंजिनशी बोलतात. जेपीएमई१ ने ते रिकव्हरी मोडमध्ये जातं, म्हणजे मशीन चालू राहण्यापुरतं किमान काम करतं. जेपीएमई२ जास्त धोक्याचा. तो २-३ वर नेला की बोर्ड मॅन्युफॅक्चरिंग मोडमध्ये जातो आणि फर्मवेअर ज्या फ्लॅश चिपमध्ये असतं तिची सुरक्षा बाजूला सारली जाते. कारखान्यात पहिल्यांदा फर्मवेअर भरायला किंवा बिघडलेलं दुरुस्त करायला हे लागतं. रोजच्या वापरात दोन्ही १-२ वरच असायला हवेत.

याचा विजेशी काय संबंध? इंटेलच्या सर्व्हरमध्ये वॅटवर लगाम ठेवणारा नोड मॅनेजर याच मॅनेजमेंट इंजिनमध्ये राहतो. हे मला एका वापरलेल्या मशीनने शिकवलं. दोन प्रोसेसर, प्रत्येकी १२० वॅटचे, बाहेरून झकास. एका छोट्या ऑफिससाठी घेतलं होतं आणि त्यांच्या यूपीएसमुळे मर्यादा घालणं भाग होतं. आकडा लिहिला की चूक म्हणून परत यायचा. वीज किती चाललीय हेही कळत नव्हतं. दोन संध्याकाळी मी बायोसमध्ये आणि बीएमसीच्या पानांत घालवल्या, बीएमसीचं फर्मवेअर नव्याने भरलं, पॉवर सप्लायकडून आकडे आणणारी जेपीआय२सी१ ची केबल काढून लावली. तिसऱ्या संध्याकाळी झाकण उघडून टॉर्चच्या उजेडात एकेक जंपर मॅन्युअलशी ताडून पाहिला. जेपीएमई२ ची टोपी २-३ वर होती. विकणाऱ्याने बायोस भरताना ती हलवली होती आणि परत आणली नव्हती. टोपी १-२ वर आणली, दोन्ही केबल लावल्या, वॅटचा आकडा दिसायला लागला आणि मर्यादाही लागली.

मर्यादा लागत नव्हती हे तरी मला दिसलं. फ्लॅशचं कुलूप इतके दिवस उघडं होतं, ते कुठेच दिसत नव्हतं, आणि मला त्याचंच जास्त वाईट वाटलं. म्हणून वापरलेला कुठलाही सर्व्हर आला की चालू करण्याआधी सगळे जंपर मॅन्युअलशी ताडून बघा. अर्धा तास लागतो.

सीएमओएस, म्हणजे बायोसची सेटिंग जपणारी स्मृती, पुसायची सोय इथे जेबीटी१ नावाने असते, पण तो जंपर नाही. बोर्डावर नुसते दोन उघडे ठिपके असतात. केबल काढायच्या, सीआर२०३२ चं गोल सेल काढायचं, आणि छोट्या स्क्रूड्रायव्हरने ते ठिपके किमान चार सेकंद जोडून धरायचे. मशीन विजेवर असताना हे कधीही करू नका.

डेल, एचपीई, इंटेल

डेलच्या पॉवरएज मालिकेत, आर७३० आणि आर७४० सारख्या मशीनमध्ये, सहा पिनांच्या एका ठोकळ्यावर दोन टोप्या असतात. पीडब्ल्यूआरडी_ईएन ची टोपी २-४ वर असली की बायोसचा पासवर्ड लागू असतो, ४-६ वर नेली की तो बाजूला होतो आणि पुढच्या वेळी वीज काढून लावल्यावर आयड्रॅकचं (डेलच्या बीएमसीचं) स्थानिक कुलूपही उघडतं. एनव्हीरॅम_सीएलआर ची टोपी ३-५ वर असते. १-३ वर नेली की पुढच्या सुरुवातीला बायोसची सगळी सेटिंग पुसली जाते. विषम आकडे एका ओळीत, सम दुसऱ्या, हे ध्यानात ठेवलं की गोंधळ होत नाही. काम झालं की टोपी परत जागेवर. तिथेच राहिली तर प्रत्येक वेळी सेटिंग पुसली जाईल.

एचपीई प्रोलायंटमध्ये टोप्यांऐवजी बारीक स्विचांची पट्टी असते. एस१ चालू केला की आयलोची (एचपीईच्या बीएमसीची) सुरक्षा बंद होते, म्हणजे पासवर्डशिवाय पूर्ण ताबा. एस२ चालू केला की सिस्टिमचं कॉन्फिगरेशन कुलूपबंद होतं. एस५ सुरुवातीचा पासवर्ड बंद करतो. एस६ चालू असला की मशीन जुनी सेटिंग बाद समजतं आणि मूळ सेटिंग भरतं. फसगत होते ती एस१ आणि एस२ मध्ये: शेजारी शेजारी बसलेले, एक कुलूप उघडतो, दुसरा लावतो. स्विच पेन्सिलीने हलवू नका, ग्राफाइटची भुकटी वीज वाहते. टूथपिक चांगली.

इंटेलच्या स्वतःच्या सर्व्हर बोर्डांवर बायोस डिफॉल्ट, पासवर्ड क्लिअर, बायोस रिकव्हरी, एमई (मॅनेजमेंट इंजिन) फोर्स अपडेट आणि बीएमसी फोर्स अपडेट असे तीन पिनांचे ठोकळे असतात. १-२ म्हणजे नेहमीची जागा.

फर्मवेअरचं कुलूप खरं कसं लागतं

२६ एप्रिल १९९९ ला सीआयएच नावाच्या व्हायरसने जगभरातल्या मशीनचा बायोस खराब केला. तैवानच्या एका विद्यार्थ्याने तो आदल्या वर्षी लिहिला होता. हार्ड डिस्क पुसली गेली तर पुन्हा भरता येते. बायोसच गेला तर मशीन सुरूच होत नाही. त्या काळच्या काही बोर्डांवर फ्लॅशवर लिहायला मज्जाव करणारा जंपर होता, आणि तो ज्यांनी लावून ठेवला होता त्यांच्या चिपला व्हायरस हात लावू शकत नव्हता.

आजच्या एसपीआय फ्लॅश चिपमध्ये गोष्ट थोडी गुंतागुंतीची आहे, आणि बरेच अनुभवी लोकही इथे चुकतात. आठ पायांच्या चिपचा तिसरा पाय म्हणजे राइट प्रोटेक्टचा. तो ग्राउंडला जोडला की चिप बंद झाली असं वाटतं. तसं नाही. चिपच्या आत एक स्टेटस रजिस्टर असतं. त्यातले ब्लॉक प्रोटेक्ट बिट सांगतात की कुठला भाग लिहायला बंद आहे. तिसरा पाय ते रजिस्टर बदलू नये एवढंच पाहतो, आणि तेही त्याच रजिस्टरमधला संरक्षणाचा बिट चालू असेल तरच. घराच्या भाषेत: ब्लॉक प्रोटेक्ट म्हणजे कडी, पाय म्हणजे कडीवरचं कुलूप. कडी न लावता कुलूप अडकवलं तर दार उघडंच. शिवाय चिप चार तारांच्या वेगवान मोडमध्ये असेल तर हाच पाय डेटा न्यायला वापरला जातो आणि कुलपाचं काम करेनासा होतो.

म्हणून जंपर लावला की तपासायचं. लिनक्सवर फ्लॅशरॉम नावाच्या प्रोग्रॅमने चिपचं रजिस्टर वाचता येतं. चिपसेकने चिपसेटच्या बाजूची कुलपं लागली आहेत का ते कळतं, पण ते चाचणीच्या मशीनवरच चालवा, चालू कामाच्या सर्व्हरवर नको. ही दुसऱ्या बाजूची कुलपं महत्त्वाची आहेत. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये ईसेट या सुरक्षा कंपनीने लोजॅक्स उघडकीला आणला, प्रत्यक्ष हल्ल्यात सापडलेला पहिला यूईएफआय (बायोसचा नवा अवतार) रूटकिट, म्हणजे खोलवर लपून ताबा ठेवणारा घातक प्रोग्रॅम. चिपसेटची लिहिण्याविरुद्धची कुलपं जिथे नीट लावलेली नव्हती तिथे तो ऑपरेटिंग सिस्टिममधूनच फ्लॅशमध्ये जाऊन बसत होता. डिस्क बदलली तरी तो राहायचा.

बीएमसीचं फर्मवेअर वेगळ्या चिपमध्ये असतं आणि त्याचा विचार वेगळा करावा लागतो. २०१७ मध्ये एचपीईच्या आयलो ४ मध्ये पासवर्ड न विचारता आत घेणारी चूक सापडली: वेब विनंतीत ए हे अक्षर २९ वेळा पाठवलं की दार उघडं. २०२१ च्या शेवटी आयलोब्लीड नावाचा रूटकिट समोर आला. तो फर्मवेअर अपडेट होऊ देत नव्हता, पण झालं असं दाखवत होता. यावर जंपरपेक्षा चांगला उपाय म्हणजे बीएमसीचं नेटवर्क पूर्ण वेगळं ठेवणं आणि जुनं फर्मवेअर न ठेवणं. आयलो सिक्युरिटीचा एस१ चालू राहिलेलं मशीन कुठल्याही नेटवर्कला जोडू नका.

पण कुलूप लावलं म्हणजे काम संपलं असं नाही. सुरक्षेच्या नव्या दुरुस्त्या फर्मवेअरमधूनच येतात. लिहिणं कायमचं बंद करून मशीन विसरलं तर जुनी भोकं तशीच राहतात. अमेरिकेच्या निस्ट या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने २०११ मध्ये बायोससाठी मार्गदर्शिका काढली, २०१८ मध्ये सगळ्या फर्मवेअरसाठी दुसरी. दुसरीचा आराखडा तीन शब्दांत आहे: राखणं, बिघाड ओळखणं, पूर्ववत करणं. अपडेटसाठी सहीची खात्री करणारा अधिकृत मार्ग चालू ठेवा, बाकीचे सगळे बंद. जेपीएमई२ सारखा जंपर तेव्हाच हलवा जेव्हा अधिकृत मार्ग चालत नाही, आणि फाइल निर्मात्याच्या साइटवरून घेऊन तिचा चेकसम (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा आकडा) जुळवल्यावरच.

आता वीजमर्यादा

गणित सॉकेटपासून सुरू करा. आपल्याकडे २३० व्होल्ट. साध्या ६ अँपिअरच्या सॉकेटमधून फार तर १३८० व्होल्टअँपिअर. त्याच फळीवर मॉनिटर, स्विच, कुणाचा चहाचा केटल असेल तर तो वजा. यूपीएस १ केव्हीए चा आणि पॉवर फॅक्टर ०.८ असेल तर हातात ८०० वॅट, आणि मी त्यातले सहाशेच धरतो. दोन पॉवर सप्लाय असले तरी हिशेब एकाचा करा. एक गेला की सगळा भार दुसऱ्यावर येतो.

मग मोजा. मशीनवर नेहमीचं सगळ्यात जड काम चालू ठेवून बीएमसीमधला वीजवापर एक पूर्ण दिवस बघा. मर्यादा त्या शिखराच्या थोडी वर ठेवायची. खूप खाली ठेवली की प्रोसेसर सतत दाबला जातो आणि लोक म्हणतात नेटवर्क स्लो आहे.

एचपीईमध्ये हा आकडा आयलोच्या पॉवर विभागात आणि डेलमध्ये आयड्रॅकमध्ये लिहिता येतो. दोन्हीकडे त्यासाठी वरच्या दर्जाचं लायसन्स लागतं. सर्वसाधारण मार्ग म्हणजे आयपीएमआयटूल या बीएमसीशी बोलणाऱ्या प्रोग्रॅममधला डीसीएमआयचा (वीजनियंत्रणाच्या आज्ञांचा) भाग. त्यात चार गोष्टी सांगायच्या: किती वॅट, ओलांडल्यावर किती मिलिसेकंदांत खाली आणायचं, सरासरी किती सेकंदांची घ्यायची, आणि आणता आलं नाही तर काय करायचं. ही चौथी गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघा. तिथे एक पर्याय असतो मशीन थेट बंद करायचा. डेटाबेस चालू असलेल्या सर्व्हरवर हा पर्याय म्हणजे स्वतःच्या हाताने प्लग ओढणं. फक्त नोंद करण्याचा पर्याय निवडा. आणि आकडा लिहिणं ही एक आज्ञा, मर्यादा चालू करणं ही दुसरी. दुसरी विसरली की आकडा दिसतो पण काही होत नाही.

फक्त प्रोसेसरवर लगाम हवा असेल तर लिनक्सच्या पॉवरकॅप फोल्डरमधल्या इंटेल रॅपलच्या (प्रोसेसरची वीज मोजून मर्यादा घालणाऱ्या सोयीच्या) फायली आहेत. तिथे आकडा मायक्रोवॅटमध्ये लागतो: १०० वॅट म्हणजे १०,००,००,०००. शून्यं मोजा. मशीन रीस्टार्ट झालं की हा आकडा जातो, म्हणून तो सुरुवातीलाच लिहिणारी छोटी सर्व्हिस करून ठेवा. लिहूनही बदलत नसेल तर बायोसने त्या रजिस्टरचा ६३ वा बिट लावून ते बंद केलेलं असतं. तो पुढच्या रीसेटपर्यंत उघडत नाही, बायोसमध्येच बदलावं लागतं.

राहिला सुरुवातीचा झटका. साडेतीन इंची हार्ड डिस्क फिरायला लागते तेव्हा १२ व्होल्टवर दोन अँपिअरच्या आसपास ओढते. बारा डिस्क एकदम फिरल्या तर त्यांनाच जवळजवळ २९० वॅट. यासाठी मात्र खरोखरच जंपर आहे: वेस्टर्न डिजिटलच्या अनेक साटा डिस्कवर ३-४ पिनांवर टोपी लावली की डिस्क वीज मिळताच फिरत नाही, कंट्रोलरने सांगितल्यावर फिरते. आधी कंट्रोलरला हे जमतं का बघा. नाही जमलं तर डिस्क दिसणारच नाही आणि तुम्ही केबल बदलत बसाल.

वीज जाऊन परत आली की सगळे सर्व्हर एकदम उठतात, आणि यूपीएसची बॅटरी तेव्हाच रिकामी असते. वीज आल्यावर काय करायचं ही सेटिंग बायोसमध्ये असते. डेलमध्ये उठण्याआधीचा विलंबही ठरवता येतो. प्रत्येक मशीनला वेगळा विलंब द्या.

झाकण लावताना

टोप्या जागेवर आल्या का ते आधीच्या फोटोशी नाही, मॅन्युअलशी जुळवा. पहिला फोटोच चुकीच्या जागेचा असू शकतो. माझ्या त्या मशीनमध्ये तो तसाच होता.

सीएमओएस पुसलं असेल तर पहिल्यांदा तारीख आणि वेळ. मग डिस्क कंट्रोलर रेडमध्ये (अनेक डिस्क एकत्र बांधून) होता की एएचसीआयमध्ये (प्रत्येक डिस्क सुटी), बूट यूईएफआय होतं की लेगसी, म्हणजे जुन्या बायोसच्या पद्धतीचं. मूळ सेटिंगला गेल्यामुळे रेड दिसेनासा झाला तर घाबरून नवा रेड बनवू नका. मोड परत करा, जुना दिसायला लागतो. बीएमसी रीसेट केला असेल तर त्याचा पासवर्ड लगेच बदला: जानेवारी २०२० आधीच्या सुपरमायक्रोवर नाव आणि पासवर्ड दोन्ही एकच, आणि ते सगळ्या जगाला माहीत.

मग वॅट वाचा, मर्यादा लागू आहे का बघा, जड काम दहा मिनिटं चालवा आणि आकडा मर्यादेच्या वर जात नाही ना ते डोळ्यांनी पाहा. बीएमसीच्या नोंदवहीत झाकण उघडल्याची नोंद आली असेल. ती पुसू नका, तारखेसकट राहू द्या.

शेवटी झाकणाच्या आतल्या बाजूला कागद चिकटवा. माझ्याकडच्या एका मशीनवर असं लिहिलंय: जेपीएमई१ १-२, जेपीएमई२ १-२, जेपीबी१ १-२, मर्यादा ४५० वॅट, ओलांडल्यास फक्त नोंद, बायोस भरला त्याची तारीख, भरणाऱ्याचं नाव. पेन साधं वापरा, शाई उष्णतेने उडणार नाही असं.